सांगता येईल असा पत्ता

यूट्यूबवरचा अगदी पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. त्याच्या पत्त्याचा शेवट कुणाला फोनवरून सांगायचा झाला तर असा सांगावा लागतो: लहान जे, मोठा एन, मोठा क्यू, मोठा एक्स, मोठा ए, मोठा सी, नऊचा आकडा, मोठा आय, मोठा व्ही, मोठा आर, लहान डब्ल्यू. एकूण अकरा चिन्हं. सांगणाऱ्याने पडद्यावरचा मोठा आय लहान एल समजून वाचला, किंवा ऐकणाऱ्याने एनच्या जागी एम लिहिला, की संपलं. 'जवळपास पोचलो, आता विचारत विचारत जाऊ' अशी सोय इथे नाही.

असे पत्ते बोटाने दाबण्यासाठी केलेले असतात. तरीही माणसं ते रोज तोंडाने सांगतात. मुलगा पुण्याहून गावी आईला फोनवर सांगतो, शिक्षक वर्गात सांगतात, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर अर्ज भरायची जागा पुकारली जाते, रेडिओवर निवेदक तो दोनदा वाचतो. या सांगण्या-ऐकण्यात किती माणसं मागे राहतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि मला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही.

खालच्या संवादातल्या आत्याने नोकरीची सगळी वर्षं रेडिओवर निवेदन केलं. निवृत्तीनंतर ती तालुक्यातल्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर सूचना वाचते. भाचा वेबसाइटी बांधतो. शिष्यवृत्तीची एक सूचना वाचायला आली, तिच्या शेवटी दीड ओळीचा पत्ता होता. तिथून हे बोलणं सुरू झालं.

भाचा: हे वाचू नकोस, आत्या. संस्थेचं नाव घे, 'अधिक माहितीसाठी वेबसाइट पाहा' म्हण आणि पुढे जा.

आत्या: कुठली वेबसाइट? बारावीची मुलगी ऐकतेय असं धर. हातात पेन आहे, वडिलांचा फोन त्यांच्याबरोबर शेतावर गेलाय. संध्याकाळी तो मिळाला की काय टाइप करायचं, एवढंच तिला माझ्याकडून हवंय.

भाचा: संस्थेचं नाव टाइप करेल. पत्ते आता कोण टाइप करतं? सगळे शोधतात.

आत्या: आणि शोधल्यावर वर काय येतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आधी जाहिराती. मग शिष्यवृत्तीच्या नावाने नोंदणी फी मागणारी पानं. बँकेचा ग्राहक सेवेचा नंबर शोधायला गेलेली शिकलेली माणसं भामट्यांना फोन लावून बसतात. मी पत्ता वाचते तेव्हा 'इथेच जा, दुसरीकडे नको' हेही सांगत असते. शोधायला सांगितलं की ती जबाबदारी मी तिच्यावर ढकलली.

भाचा: बरं. मग हा पत्ता नीट बघ, सगळाच वाचायचा नाहीये. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत संस्थेचं नाव. मग 'अपलोड्स' नावाचा फोल्डर, मग वर्ष, मग महिना, मग फाइलचं नाव. त्यात 'फायनल' आणि शेवटी डॅश एक, कारण कुणीतरी तीच फाइल दोनदा चढवली. मग प्रश्नचिन्ह. त्याच्या पुढे यूटीएम, यूटीएम जे चाललंय ते सगळं खोड, पान तरीही उघडेल. हा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबला गेला की फेसबुकवरून, ते मोजायला लावतात. अर्चिन नावाच्या कंपनीची ती पद्धत. गुगलने २००५ साली ती कंपनी विकत घेतली आणि पद्धत सगळीकडे पसरली.

आत्या: म्हणजे मी माईकवर जे वाचणार होते त्यातलं निम्मं त्या मुलीच्या कामाचंच नव्हतं. मोजणी संस्थेची, घसा माझा, आणि चूक झाली की अर्ज तिचा बुडणार.

भाचा: उरलेलं निम्मंही वाचण्यासारखं नाही, हेच मी म्हणतोय. फाइल कुठे ठेवलीय याची ती यंत्राने यंत्राला दिलेली खूण. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं तेव्हा त्यांच्या मनातही हे पत्ते लोकांसमोर यावेत असं नव्हतं. लोक दुवे दाबतील, पत्ता आत राहील, असा तो विचार होता.

आत्या: राहिला का आत? 'एचटीटीपी, कोलन, स्लॅश, स्लॅश' असं मी माईकवर वाचलेलं आहे. त्या दोन तिरक्या रेघांची गरजच नव्हती, असं त्याच बर्नर्स-ली साहेबांनी २००९ साली सांगून टाकलं. तोवर किती घसे बसले असतील!

भाचा: त्यांना क्रमही वेगळा हवा होता. आज पहिल्या रेघेच्या आधी पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो, विभाग, संस्था, देश असा. रेघेनंतर मोठ्याकडून लहानाकडे, फोल्डर, पोटफोल्डर, फाइल. सगळा एकाच दिशेने लिहिला असता तर बरं झालं असतं, असं ते नंतर म्हणाले.

आत्या: ऐकताना तिथेच अडखळायला होतं. घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा ही चाल आपल्या कानात पक्की आहे. इथे मध्येच दिशा उलटते आणि ऐकणारा आधीचं विसरतो.

भाचा: मग अक्षरं सुटी करून सांग. वैमानिकांची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी १९५६ पासून जगभर चालते आहे.

आत्या: वैमानिकांना ती शिकवलेली असते. आपल्याकडे गावं चालतात: पी फॉर पुणे, एन फॉर नागपूर, एस फॉर सातारा. कुठे फसतात ते सांगू? एफ सांगायला फलटण म्हटलं की माणूस पी लिहितो, कारण फलटणचं स्पेलिंग पी-एचने. वर्धा डब्ल्यूने, विरार व्हीने, आणि तोंडात दोन्हीकडे 'व'च. शिवाय बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सगळी कानाला भावंडं. जुनी टेलिफोनची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेत असे. 'स'ची शीळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून एस आणि एफ फोनवर ओळखू येत नसत. मग चिन्हं. डॅश म्हटलं की कुणी रेघ मधोमध काढतं, कुणी खाली. आणि छापलेल्या दुव्याखाली निळी रेघ असली की अंडरस्कोर तिच्यात बुडून जातो. वाचणारीलाच दिसत नाही, तर ऐकणारीला काय सांगणार?

भाचा: आता फोरजीवर आवाज पुष्कळ स्वच्छ येतो.

आत्या: आवाज स्वच्छ आला म्हणून 'भूमी'चं स्पेलिंग ठरत नाही. ऑनलाइन सातबारा पाहायचा पत्ता घे: भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. मला हा पत्ता मनापासून आवडतो. आपलेच शब्द आहेत, एकदा ऐकला की डोक्यात राहतो. तरी पलीकडून पहिला प्रश्न येतो, 'भूला एक यू की दोन ओ?' इंग्रजी अक्षरांत मराठी कसं लिहायचं हे शाळेत कुणी शिकवलेलं नाही, जो तो आपल्या हिशेबाने लिहितो. पण 'दोन्हीकडे एकच यू' एवढं एक वाक्य जोडलं की भागतं. या दीड ओळीला मी कुठलं वाक्य जोडू?

इथे मला मध्ये बोलायचं आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं की माणसाच्या तात्कालिक स्मरणात एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात, दोन इकडे दोन तिकडे. पण 'गोष्ट' कशाला म्हणायचं ते बांधणीवर ठरतं. दहा आकडी मोबाइल नंबर आपण 'अठ्ठ्याण्णव, बावीस' असा जोड्यांनी सांगतो तेव्हा दहाच्या पाच होतात. भूलेखचा पत्ता इंग्रजी अक्षरांनी मोजला तर लांबलचक, आणि ऐकणाऱ्याला मात्र चारच तुकड्यांचा. यूट्यूबच्या अकरा चिन्हांना असा एकही जोड नाही.

यंत्रासाठीची खूण माणसाच्या तोंडात बसत नाही, हे भाच्याचं म्हणणं मला सर्वस्वी मान्य नाही, आणि त्याला कारण पिन कोड आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिन कोडची योजना त्यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशात लागू झाली. अडचण उघड होती. पत्ते अनेक लिप्यांत, आणि एकाच नावाची गावं जागोजागी. नुसत्या महाराष्ट्रात वडगाव किती आणि पिंपळगाव किती! त्यावर सहा आकडे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वेगळं करण्याचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. ४०० म्हटलं की मुंबई, ४११ म्हटलं की पुणे, हे सॉर्टिंग करणाऱ्याला जसं कळतं तसं पाकीट लिहिणाऱ्यालाही कळतं. खात्याच्या सोयीसाठी केलेली खूण लोकांच्या तोंडी रुळली, कारण ती करणाऱ्याने ती कुणाला लिहावी लागणार, कुणाला सांगावी लागणार याचा विचार आधी केला होता. आत्यानेही भाच्याला पिनचंच उदाहरण दिलं.

भाचा: पिनची गोष्ट वेगळी. सहा आकड्यांत जास्तीत जास्त दहा लाख जागा मावतात. यूट्यूबचं प्रत्येक चिन्ह चौसष्टांपैकी एक. अशी अकरा लावली की सातावर एकोणीस शून्यांहून जास्त जागा होतात. रोज तिथे किती व्हिडिओ चढतात याचा विचार कर. आणि लांबी नुसती गर्दीमुळे नसते. तू एखादी फाइल गुगल ड्राइव्हवर ठेवून 'ज्याच्याकडे दुवा त्याला दिसेल' असं करतेस तेव्हा तो लांब पत्ता म्हणजे कुलपाची किल्ली असते. आखूड केला की कुणीही बनवून घेईल. हे झालेलं आहे. २०१६ साली कॉर्नेल टेकच्या दोन संशोधकांनी पाच-सहा चिन्हांचे लघुपत्ते यंत्राला एकामागून एक तपासायला लावले आणि लोकांच्या खासगी फायलींपर्यंत, नकाशावर त्यांनी शोधलेल्या रस्त्यांपर्यंत पोचता येतं हे दाखवून दिलं. कोण कुठल्या दवाखान्यात जायची वाट विचारतोय, हे अनोळखी माणसाला कळू शकत होतं. गुगलने आपल्या नकाशाच्या लघुपत्त्यांची पाच चिन्हं वाढवून अकरा-बारा केली, ती याच कामानंतर.

आत्या: हे मला नव्हतं माहीत, आणि ते मान्य. खासगी कागदाचा पत्ता लांबच असू दे, वाचता न येणाराच असू दे. पण ही शिष्यवृत्तीची सूचना आहे. ती जास्तीत जास्त लोकांनी उघडावी म्हणून काढलीय. तिचा पत्ता अंदाजानेही सापडला तर चांगलंच की. लपवायच्या कागदाला आणि पुकारायच्या कागदाला तुम्ही एकाच मापाचा पत्ता देता, तिथे माझा राग आहे.

भाचा: मग एखाद्या लघुपत्त्याच्या सेवेतून आखूड करून देतो. टायनीयूआरएल २००२ पासून आहे.

आत्या: कालच्या सूचनेला तसाच होता. बिट डॉट एलवाय, तिरकी रेघ, मग तीन आकडे नि चार अक्षरं, लहान-मोठी मिसळून. लांबी गेली, अर्थही गेला. बरं, एलवाय म्हणजे काय रे?

भाचा: लिबिया. तो त्या देशाच्या पत्त्यांचा शेवट आहे. २०१० साली तिथल्या नोंदणी संस्थेने असाच एक लघुपत्ता आपल्या कायद्यावर बोट ठेवून बंद केला होता. गुगलचीही अशी सेवा होती. ती २००९ साली आली आणि २०१९ साली तिने नवे दुवे देणं थांबवलं. खरं सांगायचं तर संस्थेने आपला पत्ता दुसऱ्याच्या घरून सांगू नये, असं मीही गिऱ्हाइकांना सांगतो.

आत्या: मग देवनागरीत का नाही पत्ते? निदान यू की ओ हे भांडण तरी मिटेल.

भाचा: डॉट भारत हा शेवट २०१४ पासून देवनागरीत मिळतो. पण आत काय होतं ते बघ. मराठी विकिपीडियावर 'पुणे'चं पान उघड. पट्टीवर सुबक 'पुणे' दिसेल. आता तोच पत्ता कॉपी करून चिकटव.

आत्या: टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार, टक्का, ए, ए... हे काय आहे?

भाचा: हा नुसता 'प' झाला. देवनागरीच्या प्रत्येक खुणेचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्क्यासकट तीन चिन्हांत. म्हणजे एका खुणेला नऊ. 'पुणे'त प, उकार, ण, मात्रा अशा चार खुणा. छत्तीस चिन्हं झाली.

आत्या: आपल्या गावाचं दोन अक्षरी नाव छत्तीस चिन्हांत! आणि पडदा ऐकणाऱ्यांचं काय? अंध मुलांच्या फोनवरचं सॉफ्टवेअर असा दुवा मोठ्याने वाचायला लागलं तर ती काय ऐकत बसतील? तुम्ही म्हणता पत्ता ऐकायची वस्तू नाही. पण त्यांना सगळं जग ऐकूनच गाठावं लागतं.

या बोलण्यावर भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने क्यूआर कोडचा विषय काढला. १९९४ साली डेन्सो या जपानी कंपनीने मोटारींचे सुटे भाग ओळखायला तो केला, आज आपल्याकडे चहाच्या टपरीवरही तो आहे, आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही, असा त्याचा सूर होता.

आत्या: रेडिओवर क्यूआर कोड कसा वाचू? फोनवर सांगता येत नाही, आणि डोळ्यांनी पाहून तो कुठे नेतोय ते कळत नाही. दुकानदाराच्या कोडवर दुसऱ्याने आपला चिकटवला तरी पैसे जाईपर्यंत पत्ता लागत नाही. पण त्यातही कुणीतरी डोकं चालवलंय. बालभारतीच्या पुस्तकांत दीक्षा अ‍ॅपचा क्यूआर कोड असतो ना, त्याच्याखाली सहा चिन्हांचा एक कोड छापलेला असतो. कॅमेरा चालत नसला तर तो टाइप करायचा. तो बाईंना फोनवर सांगता येतो, फळ्यावर लिहिता येतो.

भाचा: तशी दुसरी बाजू म्हणून एक गोष्ट मी तुझ्या पदरात टाकतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर आणायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देऊन. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. म्हणजे नुसतं ऐकूनही खरा-खोटा ओळखायला एक खूण मिळाली. सरकारी पत्त्यांच्या 'जीओव्ही डॉट इन'चं तसंच आहे.

आत्या: मग तू माझ्याच बाजूला आलास की! पत्ता ऐकून ओळखता आला तर माणूस फसवणुकीतून वाचतो. मी मघापासून दुसरं काय म्हणतेय?

भाचा: पूर्ण नाही आलो. सांगता येणारा पत्ता फुकट मिळत नाही, आत्या. तो कुणीतरी आधी ठरवावा लागतो आणि मग वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. बर्नर्स-ली यांनी १९९८ साली याच विषयावर लिहिलं होतं की चांगला पत्ता बदलत नाही, म्हणून त्यात फाइलचा प्रकार, लेखकाचं नाव, 'ताजं' नि 'मसुदा' असले शब्द घालू नयेत, कारण तेच आधी बदलतात. पण संस्थेत वेबसाइट कंत्राटावर असते. दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो, नवा येतो तो सगळं पाडून पुन्हा बांधतो, आणि तू गेल्या वर्षी माईकवर सांगितलेला पत्ता मरतो.

हा या साऱ्या बोलण्यातला सर्वात जड मुद्दा, असं मला वाटतं. पत्ता आखूड करणं एका दुपारचं काम आहे. तो जिवंत ठेवायला मात्र संस्थेत कुणाच्या तरी नावावर ते काम लिहिलेलं असावं लागतं. आपल्या बऱ्याच संस्थांत आवक-जावक नोंदवहीला माणूस असतो, पत्त्यांना नसतो. आणि पत्ता मेल्याची तक्रारही कुणी करत नाही. मुलीला वाटतं, आपणच चुकीचं लिहून घेतलं.

आत्या: तू या संस्थेचं काम करत नाहीस, पण तिथल्या माणसाला ओळखतोस. त्याला फोन लाव. संस्थेचा पत्ता, तिरकी रेघ, 'शिष्यवृत्ती'. संपलं. आत दरवर्षी नवी सूचना ठेवा, हवी तेवढी लांब नावाची फाइल ठेवा. मी सांगेन तो पत्ता तोच राहील.

भाचा: होईल. त्या पत्त्यावरून खऱ्या फाइलकडे पाठवायची सोय दहा मिनिटांत होते. सगळी अक्षरं लहान ठेवायला सांगतो. आणि कुणी मोठी लिहिली तरी चालेल असं करून घेतो, कारण संस्थेच्या नावात लहान-मोठं चालतं, पण रेघेच्या पुढे बहुतेक ठिकाणी चालत नाही. डॅश नको, अंडरस्कोर नको, आकडा नको.

आत्या: वर्षही नको.

भाचा: नको. पण 'शिष्यवृत्ती'चं स्पेलिंग तू माईकवर कसं सांगणार? 'शिष्य'च्या शेवटी काही जण ए लावतील, काही नाही लावणार. 'वृ' कुणी व्ही-आर-यू लिहील, कुणी व्ही-आर-आय. मग टी एक की दोन. मघाचंच भांडण परत आलं.

आत्या: मी एक स्पेलिंग सांगेन, सावकाश, दोनदा. पण लोक आपल्या सवयीनेच लिहिणार. वेगवेगळ्या पत्त्यांवरून त्याच एका पानावर पाठवता येतं ना?

भाचा: येतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ होतात.

आत्या: मग आठही करून घे. आणि सूचना बुधवारी वाचायची आहे, तोवर करून घे.